जागं ठेवणारा माणूस

खाकरल्याचा आवाज आला आणि सोरिमच्या हातातली पेन्सिल होती तिथेच थांबली. तशी नोर्यांगजिन या परीक्षार्थींच्या वस्तीतल्या त्या अभ्यासिकेत आवाजांना काही तोटा नव्हता. पानं उलटत, कोणाचं तरी रिकामं पोट गुरगुरे, हीटरची नळी मधूनच कण्हल्यासारखी वाजे, आणि खालून रेल्वे गेली की प्रत्येकाच्या लाकडी आडोशावर अडकवलेले छोटे दिवे थरथरत. या सगळ्यांची तिला इतकी सवय झाली होती की ते कानांपर्यंत येत आणि तिथूनच परत जात. हा आवाज परत गेला नाही. आधी घशाच्या तळातून ओढून काढलेलं कोरडं खाकरणं, मग थोडी उसंत, आणि मग दातांच्या फटीतून हवा आत घेत केलेला तो ‘च्स्स’ असा नापसंतीचा आवाज. मान वळवण्याआधीच तिची पाठ ताठ झाली. पाठीला आधी कळलं होतं. उजवा हात आपसूक कानाकडे गेला, हेडफोन नीट बसवायला. तिथे हेडफोन नव्हता. नुसते केस होते, न धुतलेले.

ती पाणी प्यायचं निमित्त करून उठली आणि परत येताना मागच्या रांगेकडे पाहिलं. खिडकीजवळच्या, परवापर्यंत रिकाम्या असलेल्या खुर्चीत गुक साहेब बसले होते. गुक ब्योंगदो, तिच्या जुन्या नोकरीतले साहेब. अंगात करड्या रंगाचा विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, खुर्चीवर घरून आणलेली निळी उशी, नाकावर घसरलेला वाचायचा चष्मा. समोर घरं-जमिनींच्या दलालीच्या परवान्याचं जाडजूड पुस्तक उघडं, आणि ओठ हलताहेत. पुटपुटत वाचताहेत, शाळेतल्या मुलांसारखे. टाळूवर पेल्याएवढं टक्कल. ते तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं, कारण कंपनीत तीन वर्षं ती बसलेली असायची आणि ते मागे उभे असायचे.

चांद्र नववर्षाची सुट्टी नुकतीच संपली होती. गावी जाऊन आलेली मुलं तांदळाच्या वड्या आणि नातेवाइकांचे टोमणे घेऊन परतली होती, आणि अभ्यासिका पुन्हा भरली होती. सोरिमला कुठे जायचं नव्हतं. हे तिचं इथलं तिसरं वर्ष, आणि एप्रिलमध्ये कामगार निरीक्षकाच्या परीक्षेची तिसरी खेप. नोर्यांगजिनमध्ये जो तो जागं राहण्याचा आपापला इलाज बाळगून असतो. कोणी थंडीत खिडकी उघडी ठेवतं, कोणी उभं राहून वाचतं, कोणी लाल जिनसेंगचा कडू अर्क चोखतं, कोणी आपला फोन मित्राकडे देऊन टाकतं. शेजारच्या खुर्चीतली चोरोंग, जी तुरुंगातल्या पहारेकऱ्याच्या परीक्षेला बसली होती, ती मांडीला चिमटे काढायची आणि म्हणायची, “ताई, निदान मला तरी सराव होतोय. मी आत्ताच आत आहे.” सोरिमचा इलाज कोणाला माहीत नव्हता. डोळ्यांवर झापड आली, कलमं एकमेकांत मिसळायला लागली, की ती गुक साहेबांचा चेहरा समोर आणायची. लगेच संपवायची नाही. आधी नुसता आवाज, मग बुटांची टोकं, मग ती संध्याकाळ, आणि अगदीच गरज पडली तर तो एक शब्द. तो शब्द आठवला की छातीत काहीतरी पेटे आणि त्या उजेडात पान पुन्हा स्वच्छ दिसू लागे. आळशी लोक म्हणतात अभ्यासाला ध्येय लागतं. सोरिमला वाटे, ध्येय फार लांब असतं, त्याची ऊब इथपर्यंत पोचत नाही. वैर जवळ असतं. ते उशाशी घेऊन झोपता येतं.

पाणी शुद्ध करणारी यंत्रं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत ती ग्राहकांचे फोन घ्यायची. लांबलचक खोली, पाठीला पाठ लावून खुर्च्या, आणि भिंतीवर एक मोठा बोर्ड. फोन तुंबले की तो लाल व्हायचा. दारापाशी लाकडी कप्प्यांची पेटी होती. आत आलं की आपापला मोबाइल तिच्यात ठेवायचा, निघताना घ्यायचा. बाथरूमला जायचं तर संगणकावर तसं लिहायचं आणि गुक साहेबांनी ‘बरं’ लिहिलं की मगच उठायचं. बोर्ड लाल असेल तर ते ‘बरं’ लिहीत नसत, नुसते मागे येऊन उभे राहत आणि खाकरत. बायका पाणी प्यायचं टाळायला शिकल्या होत्या. दिवसभर लोकांच्या घरातल्या पाण्याबद्दल बोलायचं आणि स्वतः घोटभर प्यायचं नाही, यातली गंमत त्यांना त्या काळी कळायची नाही. कळली असती तरी हसायला बोर्ड मोकळा असता तर ना. आणि मग तो उन्हाळ्याच्या सुरुवातीचा दिवस, सगळ्या शहराला एकदम तहान लागल्यासारखा. आई इंचनच्या हॉस्पिटलात होती. छातीत दुखतं म्हणून नेलं होतं, दोन दिवसांत सोडतील असं म्हणाले होते. संध्याकाळी पाळी संपली, सोरिमने हेडफोन काढला, मान मोडली, आणि मागून गुक साहेब नेहमीसारखी आडनावाने हाक मारत म्हणाले, “तक, हॉस्पिटलचा फोन होता. दुपारी. जा.” दुपारी. तो शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं कोणी सांगावं की छत्री आत राहिली आहे. ती पोचली तेव्हा आईला खाटेवरून हलवलं होतं. नर्स चांगली होती. ती म्हणाली, “आम्ही कळवलं होतं. दाराकडेच बघत होत्या.”

त्यानंतरही सोरिम काही महिने त्या खुर्चीत बसत राहिली. माणूस बसतो. मग एकदा कामगार कचेरीतून एक निरीक्षक बाई तपासणीला आल्या. साध्याशा, सपाट चपला घातलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. आणि गुक साहेबांनी त्यांच्यापुढे कॉफीचा कागदी पेला दोन्ही हातांनी धरला. कमरेत इतके वाकले की टायचं टोक कॉफीत बुडालं. सोरिम एका चिडलेल्या ग्राहकाची माफी मागत होती आणि माफी मागता मागताच तिने ते पाहिलं. हा माणूस कोणाला घाबरतो ते तिला कळलं. पुढच्याच महिन्यात तिने नोकरी सोडली आणि नोर्यांगजिनला खोली घेतली, जिच्यात पलंग आणि टेबल यांच्यामध्ये एक माणूस अंग तिरकं करूनच जाऊ शकेल.

आता तो माणूस तिच्या मागे दोन रांगांवर बसला होता आणि त्याने तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? तोंडावर मास्क, कपाळावर टोपी, जाड भिंगांचा चष्मा, ढगळ ट्रॅकसूट. इथे सगळे एकाच आईची मुलं दिसतात. पहिल्या दिवशी तिने एकच पान चार वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी एक भलतीच गोष्ट घडली. भर सकाळी, कामगार कायद्याच्या पुस्तकावर डोकं ठेवून ती झोपली. तिसऱ्या दिवशीही तेच. डोळे मिटायला लागले की ती नेहमीप्रमाणे तो चेहरा बोलवायची, आणि येई ते पेल्याएवढं टक्कल, निळी उशी, पुटपुटणारे ओठ. बुटांची टोकं आठवायला जावं तर मागे खरोखरीचे पाय अभ्यासिकेच्या रबरी चपलांत दिसत, टाचेला विरलेल्या मोज्यांसकट. जे तीन वर्षं पेटत होतं त्यावर कोणीतरी ओलं फडकं टाकलं होतं. सराव परीक्षेत ती इतकी खाली घसरली की चोरोंगने निकालाच्या पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “ताई, हा आपण पाहिलाच नाही. चल, काहीतरी गरम खाऊ.” सोरिम तिच्यामागून जिना उतरली. तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती: याने आईची शेवटची दुपार घेतली, आणि आता माझा रागही न्यायला आला आहे. एवढासा होऊन आला आहे, कीव यावी असा. ही तर चोरीच झाली. तिला तो पुन्हा मोठा हवा होता. आणि मोठा होत नसेल, तर निदान त्याला दुखायला हवं होतं.

पहिली चिठ्ठी तिने जेवणाच्या सुट्टीत लावली. अभ्यासिकेत हा जुनाच रिवाज. कोणाशी तोंडाने बोलायचं नाही, पिवळी चिकटणारी चिठ्ठी लिहून त्याच्या टेबलावर डकवायची. ‘खाकरायचं असेल तर जिन्यात जा.’ एवढंच. ती आपल्या जागेवर बसून मागचे आवाज ऐकत राहिली. खुर्ची ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग चिठ्ठी सोलून काढल्याची बारीकशी चरचर. त्यानंतर खाकरणं थांबलं. एखाद्या यंत्राचं बटण बंद करावं तसं थांबलं, आणि सोरिमच्या अंगातून एक गरम, गोड लाट गेली. त्या दुपारी तिने तीन दिवसांचं तुंबलेलं वाचून काढलं. मग तिला रीत सापडली. ‘पानं हळू उलटा.’ ‘तुमच्या जाकिटाची चेन वाजते.’ ‘ओठ हलवू नका, पुटपुटणं ऐकू येतं.’ ‘गिळताना आवाज होतो.’ प्रत्येक चिठ्ठीगणिक गुक साहेब आक्रसत गेले. त्यांनी चेनचं जाकीट सोडलं, पाण्याची बाटली उघडताना ती पोटाशी धरून उघडू लागले, पान उलटायचं तर एका हाताने वर धरून दुसऱ्याने खाली टेकवत, झोपलेल्या बाळाच्या अंगावरून चादर काढावी तसं. त्यांनी चपला काढल्या आणि लोकरी मोज्यांनी चालू लागले. पण एकदा खोलीला कळलं की अमुक माणूस ऐकून घेतो, की मग खोलीलाही दात फुटतात. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या, वेगवेगळ्या अक्षरांतल्या. परीक्षा तोंडावर आलेली मुलं होती सगळी. कोणाचं अपयश कोणावर तरी टाकायला हवंच होतं.

“तुझ्या मागच्या काकांना आज मीपण एक लावली,” चोरोंग एकदा जेवताना म्हणाली. “लिहिलं, लसणाचा वास येतो. खरं तर वास माझ्याच डब्याचा होता, ताई.” ती हसली आणि मग हसता हसता थांबली. “ते ना, चिठ्ठी वाचली की आधी वाकतात. म्हणजे कागदापुढेच. नमस्कार केल्यासारखे. बघवत नाही गं.”

“मग बघू नकोस,” सोरिम म्हणाली.

“तुला काय झालंय? आजकाल तू झोपतच नाहीस. डोळे कसे चमकतात तुझे. मला भीती वाटते.”

सोरिमने भाताचा पुढचा घास घेतला. तिची प्रकृती उत्तम होती. सराव परीक्षेत ती वर सरकत होती, याआधी कधी नव्हती इतकी वर. सकाळी डोळे उघडण्याआधी आज काय लिहायचं ते सुचलेलं असे. रस्त्यावरून चालताना, मासळीबाजाराचा वास आणणाऱ्या त्या बोचऱ्या वाऱ्यात, ती कलमं म्हणायची आणि कलमांच्या मधल्या फटींत चिठ्ठ्या रचायची. दोन्ही एकाच झऱ्यातून येत होतं. कधी कधी आरशात तोंड धुताना ओल्या चेहऱ्याकडे पाहून तिला वाटे, दातांतून हवा ओढून बघावी, आपल्याला तो आवाज येतो का. ती ओढायची नाही. नळ जोरात सोडायची.

शेवटी अभ्यासिकेच्या मालकीणबाईंनीच तिला बोलावलं. बाई प्रेमळ होत्या, प्रत्येकाला नावाने ओळखत आणि परीक्षेच्या सकाळी चिकट भाताचे गोळे वाटत, विद्या चिकटावी म्हणून. “त्या काकांबद्दल फार तक्रारी येताहेत,” त्या म्हणाल्या. “सोमवारी सांगतेच त्यांना, दुसरीकडे बघा म्हणून. तुझं काय म्हणणं? तू इथली जुनी.” सोरिम म्हणाली, “बरं होईल.” खाली उतरताना तिला जिन्याच्या पायऱ्या मऊ लागल्या. जिंकल्यावर असं होत असेल, तिला वाटलं. पायांना जमीन नीट लागत नसेल.

त्याच दुपारी ती कपात भात देणाऱ्या गाड्यांच्या रांगेत उभी होती. वारा अडवायला लावलेला प्लास्टिकचा पडदा बाजूला करून ती आत शिरली आणि गाडीवाल्या बाईंना म्हणाली, “मावशी, किमची आणि अंडं. तिखट बेतानं.” खाण्यासाठी मास्क खाली केलेला होता. शेजारी तव्याकडे पाहत उभा असलेला माणूस दचकला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तव्याकडेच पाहत, एखादं दूरचं गाणं ओळखू येतंय का ते ऐकत असल्यासारखी मान तिरकी केली.

“तक?” गुक साहेब म्हणाले. “तक सोरिम ना तू?”

ती तव्याकडेच पाहत राहिली.

“आवाजावरून ओळखलं. चेहरा काही ओळखला नसता हं.” आता ते वळले होते आणि चक्क हसत होते. अनोळखी बंदरात आपल्या गावचा माणूस भेटावा तसे. “तुझा आवाज रोज ऐकायचो ना मी, दुसऱ्या हेडफोनवर. लोक परत फोन करून विचारायचे, त्या मगाशी बोलल्या त्याच बाई द्या. मलाही काढलं बरं का कंपनीने. या वयात आता पुस्तक धरलंय, डोक्यात काही शिरत नाही. तू इथेच असतेस? अभ्यास?” सोरिमने मान हलवली. “छान, छान. तुझ्या आईच्या अंत्यविधीला आलो होतो मी, आठवतं? ऑफिसचं पुष्पचक्र घेऊन. तिथे आलेल्यांना वाढलेलं ते तिखट सूप... इतकं चांगलं सूप मी नंतर कुठे खाल्लं नाही. बाई फार अचानक गेल्या. तुला पोचताही आलं नाही म्हणे.”

गाडीवाल्या बाईंनी भाताचा कप पुढे केला. सोरिमने तो घेतला. कप गरम होता आणि ती तो दोन्ही हातांनी धरून राहिली. तिला आठवत होतं, त्या दिवशी ती काळ्या कपड्यांत फोटोशेजारी उभी होती आणि या माणसाने गुडघे टेकून आईला नमस्कार केला होता, आणि रीत म्हणून तिनेही वाकून त्याला नमस्कार केला होता. डोकं जमिनीला लागेपर्यंत. आणि मग तिने बोलायला सुरुवात केली तेव्हा तिच्या तोंडून निघाला तो खुर्चीतला आवाज, मधाचा, प्रत्येक शब्दाची घडी घातलेला, चिडलेल्या ग्राहकांसाठी राखलेला.

“अचानक नाही, गुक साहेब. हॉस्पिटलमधून दुपारी फोन आला होता. तो आपण घेतला होता. मला आपण संध्याकाळी सांगितलंत, पाळी संपल्यावर. मधल्या वेळात ती दाराकडे बघत होती.”

“मी?” ते म्हणाले. “नाही, नाही. असं कसं होईल?” त्यांनी गाडीवाल्या बाईंकडे पाहिलं, जणू त्या काही सांगतील. “फोन आला असता तर मी... मला तर काही आठवत नाही.”

सोरिमने हजारो माणसांना फोनवर खोटं बोलताना ऐकलं होतं. यंत्र आपटून फोडलेले, पैसे बुडवलेले, नाव बदललेले. खोट्याला एक किंचित उशीर असतो, तो तिला झोपेतही ओळखू आला असता. इथे तो नव्हता. माणूस खरं बोलत होता. जी दुपार ती तीन वर्षं कोळशासारखी फुंकत आली होती, जिच्यावर तिने एवढी पुस्तकं वाचली, ती या माणसाच्या डोक्यात नव्हतीच. तिथे सूप होतं. तिला वाटलं कप त्याच्या तोंडावर मारावा. वाफाळता भात, अंडं, किमची, सगळं त्या निळ्या उशीच्या माणसाच्या चष्म्यावर. पण भाजलं तर तो भाजलेलंच आठवेल, दुसरं काही नाही.

“आठवा,” ती म्हणाली.

“अं?”

“रोज अभ्यासिकेत माझ्या मागे येऊन बसताच ना आपण? बसून आठवा. आठवलं की मला सांगा.”

“मला वाटतं मला ती जागा सोडावी लागेल,” ते हळूच म्हणाले. “लोकांना त्रास होतो माझा.”

“ते मी बघते,” सोरिम म्हणाली, आणि भात तसाच घेऊन पडद्याबाहेर आली.

मालकीणबाईंनी तिचं ऐकून चष्मा काढला. “अगं, पण सकाळी तूच तर...”

“काका आवाज करत नाहीत. पहिली चिठ्ठी माझी होती. बऱ्याचशा माझ्याच. आता लिहिणार नाही, आणि दुसऱ्यांनाही सांगा.”

“तुझं मन मोठं आहे,” बाई म्हणाल्या. सोरिमला हसू आलं, आणि ते लपवायला तिने मास्क वर ओढला.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. चिठ्ठ्या थांबल्या, पण गुक साहेब पुन्हा खाकरले नाहीत. ते सगळ्यांच्या आधी येत, पुस्तक उघडत, आणि पान उलटत नसत. सोरिम पाण्याला उठली की तेच पान दिसे. कधी ते कपाळ दाबून बसलेले असत, कधी खिडकीबाहेर रेल्वेच्या रुळांकडे बघत. आता तिला मागे वळून पाहायची गरज नव्हती. तिला पाठीमागे त्यांचं आठवणं जाणवत होतं, एखादं जड कपाट फरशीवरून इंचाइंचाने सरकवत आणावं तसं. असं कधी कोणी तिच्यासाठी काम केलं नव्हतं. ती वाचत होती, लिहीत होती, चुका शोधून पुन्हा लिहीत होती, आणि तिला मनातून एक क्रूर सोबत वाटत होती. आपण दोघेही अभ्यासाला बसलो आहोत. विषय एकच आहे. चोरोंग म्हणायची, “काका वाळले गं. जेवत नाहीत वाटतं.” सोरिमला ते ऐकून वाईट वाटायला हवं होतं. तिने आत डोकावून पाहिलं, वाईट वाटतंय का. तिथे फक्त उत्सुकता होती. आणि तिच्या तळाशी एक भीती: आठवलं, आणि त्यांच्या बाजूने काही निघालं तर?

मार्च संपत आला होता. गच्चीवर कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या आणि सोरिम चादरींच्या आडोशाला उन्हात पाय पसरून एकटीच कलमं घोकत होती. गुक साहेब जिन्याच्या दारातून आले आणि थोडं अंतर ठेवून उभे राहिले. उन्हात ते फार म्हातारे दिसले.

“आठवलं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “तुम्हाला सांगायला आलोय.”

ते तिला आजवर कधी ‘तुम्ही’ म्हणाले नव्हते.

“बोर्ड लाल होता. फोन माझ्याच टेबलावरचा वाजला. नर्स म्हणाली, लगेच पाठवा. मी उठलो. तुमच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलो. तुम्ही एका म्हाताऱ्या बाईंशी बोलत होतात. त्यांना पाणी कुठून घ्यायचं ते कळत नव्हतं. तुम्ही म्हणत होतात, लाल नको, आजी, निळं दाबा. त्यांनी दाबलं असावं, कारण तुम्ही दोघी हसलात. मी म्हटलं, एवढा फोन संपू दे.” ते थांबले. त्यांनी घसा साफ केला नाही. तसेच घोगऱ्या आवाजात बोलत राहिले. “तेवढ्यात शाखाप्रमुख आले. मी त्यांना सांगितलं, हिला सोडावं लागेल. ते म्हणाले, हॉस्पिटलवाले सगळ्यांनाच लगेच बोलावतात. आज एकही खुर्ची रिकामी होता कामा नये. मी म्हटलं, बरं. परत जागेवर गेलो. आणि मग... यापुढचंच सांगायला तोंड उचलत नव्हतं. मग मी विसरलो. खरंच विसरलो हो. संध्याकाळी तुम्ही मान मोडलीत, तेव्हा आठवलं.”

चादरी वाऱ्याने फुगल्या आणि खाली बसल्या. सोरिमला ती म्हातारी आठवली. खरंच होती ती. ‘आलं गं पोरी, पाणी आलं,’ असं ओरडून हसली होती, आणि सोरिमलाही हसू फुटलं होतं, त्या आख्ख्या दिवसातलं एकच. आणि तिच्या त्या हसण्याच्या मागे, हातभर अंतरावर, हा माणूस आईचा निरोप तोंडात धरून उभा होता. कठडा कमरेइतकाच होता आणि गुक साहेब त्याला टेकून उभे होते. एक क्षण, फक्त एक क्षण, तिच्या तळहातांना तो करडा स्वेटर जाणवला. मग तो क्षण गेला, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं. आवाज मधाचा नव्हता. तिने तो आपला आवाज याआधी कधी ऐकला नव्हता.

“शाखाप्रमुख हे बोलले तेव्हा आणखी कोणी ऐकलं?”

“पाणी भरायला आलेल्या दोघी होत्या. त्यातली एक अजून तिथेच आहे.”

“मोबाइल ठेवायची पेटी?”

“आहे. आता तिला कुलूप लावलंय.”

“बाथरूमचं ‘बरं’?”

“तेही आहे. आता संगणकच लिहितो. बोर्ड लाल असला की लिहीत नाही.”

“हा नियम कोणाचा?”

“त्यांचाच.” गुक साहेबांनी नाव सांगितलं. सोरिमला ते नाव ठाऊक होतं, पण माणूस तिने क्वचितच पाहिला होता. तो काचेच्या दारापलीकडे बसायचा आणि तिथे जायची तिची कधी वेळ आली नाही. “अजून तेच आहेत खुर्चीवर. मला त्यांनीच काढलं. मी दोन मुलींना एकदम उठू दिलं म्हणून. बोर्ड लाल राहिला.”

सोरिम उठून उभी राहिली. तिला जाणवलं की तिला झोप येत नाहीये, आणि हेही जाणवलं की समोरच्या माणसाचा तिला राग आहे, पण त्याने आता जागं राहायला होणार नाही. तिला वाटलं होतं हे कळलं की आपण रडू. रडायला वेळ नव्हता. त्या लांबलचक खोलीत आत्ता, या दुपारी, कोणीतरी मुलगी पाय एकमेकांवर दाबून कोणाच्या तरी पाण्याबद्दल गोड बोलत होती, आणि काचेपलीकडे तो माणूस आरामात बसला होता, कोणाच्याही अंत्यविधीला न जाता.

“हे सगळं तुम्ही कामगार कचेरीत समोर बसून सांगाल?” तिने विचारलं. “माझ्या आईचं नको. ते कुठल्याच कलमात बसत नाही, मी पाहिलंय. पेटीचं, बाथरूमचं, खुर्च्यांचं.”

“सांगेन.”

“तुम्हीही त्यात सापडाल.”

“सापडेन,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग पुन्हा नजर खाली गेली. “आता... मी दुसरी अभ्यासिका बघतो. तुम्हाला रोज तोंड दाखवायला नको.”

“नको,” सोरिम म्हणाली. “तुम्ही इथेच बसायचं, त्याच खुर्चीत. तुमची परीक्षा ऑक्टोबरात ना? महिनाभर एक पान उलटलेलं नाही तुम्ही. पास व्हा.”

“मी?” ते म्हणाले.

“कामावरून काढलेला, कुठेच काही न जमलेला माणूस बोलला, तर लोक म्हणतील सूड घेतोय,” ती म्हणाली. “उद्यापासून पहिल्या प्रकरणापासून सुरू करा. मी बघत असेन.”

गुक साहेब कमरेत वाकले, सवयीने, आणि जिन्याकडे गेले. सोरिम त्यांच्यामागून खाली उतरली, आपल्या जागेवर बसली, पण पुस्तक लगेच उघडलं नाही. मान वळवून ती मागच्या रांगेकडे पाहत राहिली, त्यांनी पान उलटेपर्यंत.